चेहरा कसा ठेवू?

"मला फक्त एवढंच सांगा, त्याच्यासमोर चेहरा कसा ठेवायचा?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या त्या बाईंनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे विचारलं. धाकटा भाऊ चार महिने तुरुंगात होता. नोकरीच्या ठिकाणी हिशेबात केलेला घोळ अंगाशी आला होता, आणि त्यातच आईची सही घेऊन त्याने घरातली ठेवही मोडली होती. त्याची दोन पत्रं आली होती. दोन्हींत शेवटी तेच, 'ताई, एकदा ये.' ताई गेली नव्हती. राग शांत झाला की जाईन, असं तिने ठरवलं होतं. राग काही शांत होत नव्हता. (त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. रडू फुटलं तर? बोलायचं काय? त्याला तसं बघवेल का? मुळाशी बहुतेकदा एकच गोष्ट असते: या दुःखाला घराबाहेर जागा नसते. घरात कुणी वारलं तर माणसं येऊन बसतात. कुणी तुरुंगात गेलं तर एरवी येणारीही यायची थांबतात. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा उघडपणे करता न येणाऱ्या शोकावर लिहिलं. मी त्याला माझ्यापुरतं 'दाराआडचा शोक' म्हणते. या ताईंनी तर शेजाऱ्यांना भाऊ बाहेरगावी असल्याचं सांगितलं होतं. त्यांना सर्वांत जास्त धास्ती होती ती तुरुंगातल्या भेटीच्या रांगेची. "तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर?"

"भेटलं तर तेही कुणाला तरी भेटायलाच आलेलं असेल ना?" मी म्हणाले. त्या पहिल्यांदा हसल्या. जरा रागानेच, पण हसल्या.

राग जाईपर्यंत थांबू नका, रागासकट जा, असं मी त्यांना सांगितलं. मग आम्ही तालीम केली. दोन खुर्च्या समोरासमोर, मी भाऊ झाले आणि गप्प बसले. मिनिटभर त्या तब्येतीची चौकशी करत राहिल्या आणि मग एकदम ओरडल्या, "आईची सही घेताना तुझा हात कसा थरथरला नाही रे?" बराच वेळ त्या रडल्या. ते माझ्या खोलीत झालं, बरं झालं. भेटीच्या खोलीत आजूबाजूला बाकीची कुटुंबं असतात, पहारा असतो, कधी मधे काच आणि फोन असतो, आणि बोलणं ऐकलं किंवा नोंदवलं जाऊ शकतं. खटल्याच्या, पैशांच्या गोष्टी तिथे काढायच्या नसतात. त्या वकिलाकडे. कैद्यांना कसं वागवावं याबद्दल संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतही हा फरक आहे: वकिलाच्या भेटीवर कर्मचाऱ्यांनी नजर ठेवली तरी चालते, पण बोलणं ऐकू नये. घरच्यांच्या भेटीला ही मुभा नाही.

झडतीची भीतीही होती, आणि ती मी उगाच हलक्यात काढली नाही. अनोळखी हातांनी अंग चाचपणं कुणालाच बरं वाटत नाही. त्याच नियमांत म्हटलंय की झडती भेटायला येणाऱ्याच्या संमतीने व्हावी आणि ती संमती कधीही मागे घेता यावी. मात्र मग प्रवेश नाकारला जाऊ शकतो. हे नियम म्हणजे प्रत्येक ठिकाणचा कायदा नव्हे. म्हणून त्यांना आधी फोन करून झडती कशी होते, कोण करतं हे विचारायला सांगितलं. धातूच्या तारेचे अंतर्वस्त्र, दागिने, मोठं बक्कल घरीच ठेवायचं. शरीरात शस्त्रक्रियेने बसवलेला धातू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ. काही ठिकाणी कैद्यांच्या किंवा पहारेकऱ्यांच्या गणवेशाशी जुळणारा रंगही चालत नाही.

आठ वर्षांच्या मुलालाही न्यावं का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मामा 'कामाला गेलाय' एवढंच त्याला माहीत होतं. मी म्हटलं, पहिल्या वेळी नको. आधी तुम्ही जाऊन ती जागा बघा, मग त्याला सांगता येईल की दार कसं आहे, किती वेळ बसावं लागतं, मामाला मिठी मारता येईल की नाही. आणि त्याआधी खरं सांगा, त्याला पेलेल एवढ्या शब्दांत: मामाने नियम मोडला, म्हणून त्याला तिथे राहावं लागतंय, यात तुझी काही चूक नाही. शेवटचं वाक्य मोठ्यांना अनावश्यक वाटतं. मुलांना नाही वाटत.

अशा तीन बैठका झाल्या. मन तयार होतं, बोलायचे तीन साधे विषय कागदावर होते. ताई गेल्या आणि फाटकावरूनच परत आल्या.

चूक माझी होती. त्यांच्या ओळखपत्रावर सासरचं नाव, भावाने भेटणाऱ्यांच्या यादीत लिहिलेलं माहेरचं. बहीण असल्याचा पुरावा काय, म्हणून विचारलं तर त्यांच्याकडे काहीच नव्हतं. मी त्यांच्या मनात इतकी शिरले होते की पर्स उघडून बघा, एवढं सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून माझी पहिली बैठक कागदपत्रांवर होते. यादीत नाव आहे का, ते ओळखपत्राशी अक्षरशः जुळतं का, वेळ आधी घ्यावी लागते का, त्याला काय देता येतं आणि ते कुठे जमा करायचं, निघण्याआधी भेट रद्द तर झालेली नाही ना. भावनांचं मग बघू.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा गेल्या. या खेपेला आत गेल्या. आल्या त्या वैतागून.

"वीस मिनिटं मिळाली. त्यातली दहा नळात गेली!"

कागदावरचा तिसरा विषय होता, स्वयंपाकघरातला गळका नळ. घरातली असली कामं भाऊच करायचा. तिने नळाचं नाव काढलं आणि तो खाली घातलेली मान वर करून बोलायला लागला. पाणी कुठून बंद करायचं, कोणता पाना, वॉशर केवढा. हातवारे करून. पैशांबद्दल अवाक्षर नाही. माफीही नाही. उठताना फक्त म्हणाला, "आईला सांग, मी नीट झोपतो." ते खोटं होतं, असं त्यांचं म्हणणं.

"आणि चेहरा?" मी विचारलं.

"कसला चेहरा? मी वॉशरचं माप लिहून घेत होते." मग आठवून म्हणाल्या, "लिहून कसली, पेन आत नेऊ देत नाहीत. पाठ करत होते."

रागाचं पत्र त्यांनी लिहायला घेतलंय, पाठवायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. नळ दुरुस्त झाला का, म्हणून मी विचारलं.

"नाही हो. माप चुकलं. पुढच्या भेटीत परत विचारते."