चार महिने सांगितलं, एकदाही लिहून दिलं नाही

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा आठवीत आहे. जूनपासून वर्गातली तीन मुलं त्याला छळतात. नावं ठेवणं, दप्तर खिडकीतून फेकणं, मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये कोंडणं चालू आहे. वर्गशिक्षिकांना तीन वेळा भेटले, मुख्याध्यापकांशी दोनदा फोनवर बोलले. ‘या वयात मुलं करतातच, समज देतो’ एवढंच उत्तर. गेल्या आठवड्यात त्याला जिन्यावर ढकललं, मनगटाचं हाड मोडलं. शाळेकडे सीसीटीव्ही फुटेज मागितलं तर ‘इतर मुलांच्या गोपनीयतेचा प्रश्न आहे’ म्हणतात, वर दाखला काढून दुसरीकडे घाला असं सुचवतात. पोलिसांनी एफआयआर घेतला नाही. मिस्टरांनी रागाच्या भरात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मुलांची नावं आणि फोटो टाकले, तर एका पालकाच्या वकिलाची नोटीस आली. मुलगा रात्र रात्र झोपत नाही. परवा म्हणाला, ‘मी नसतो तर बरं झालं असतं.’ आम्ही काय करावं? – एक आई

ताई, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. तेरा वर्षांचा मुलगा असं बोलतो तेव्हा ‘वैतागून बोलला असेल’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. त्याला आजच मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. अपॉइंटमेंट दोन-चार दिवसांनी मिळत असेल तर तोवर १४४१६ वर फोन करा. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. त्याला एकटं ठेवू नका. असे विचार पुन्हा येतात का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्यामुळे ते विचार वाढत नाहीत. आणि ‘मानसोपचाराचा शिक्का बसेल’ ही भीती मनात असेल तर ती काढून टाका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय असते. डॉक्टर ती परस्पर शाळेला देऊ शकत नाहीत.

आता कायदा. मारहाण बेकायदा आहे का, शाळेची जबाबदारी असते का, हे मी पुन्हा सांगत बसत नाही. अशी पत्रं मला सतत येतात आणि बहुतेकांत एकाच ठिकाणी घोळ झालेला असतो. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं ते एक शब्द शोधण्यासाठी. ‘भेटले’ आहे, ‘बोलले’ आहे, ‘मागितलं’ आहे. ‘लिहून दिलं’ कुठेच नाही. चार महिने, पाच वेळा संपर्क, आणि मुख्याध्यापकांच्या नावे एक ओळ नाही. मला याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही, कारण जून महिन्यात एक कागद दिला असता तर आज प्लास्टरची वेळ आलीच नसती अशी दाट शक्यता होती.

सांगते का ते. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. लोकांना वाटतं तो फक्त मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या होस्टेलांसाठी आहे. पण त्यातली ‘शैक्षणिक संस्था’ची व्याख्या वाचा: कॉलेज, किंवा कोणत्याही नावाने ओळखली जाणारी, शिक्षण देण्याचं काम करणारी संस्था. आणि ‘रॅगिंग’ म्हणजे विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा ओशाळवाणेपणा वाटेल असं वर्तन. त्यात चिडवणं, शिवीगाळ, धमकी, दुखापत हे सगळं नावानिशी आहे. संस्थेच्या आत किंवा बाहेर, दोन्हीकडे मनाई आहे, म्हणजे स्कूलबस आणि शाळेबाहेरचा रस्ताही सुटत नाही.

यातलं कलम ६ तुमचं प्रकरण ठरवतं. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने संस्थेच्या प्रमुखाकडे लेखी तक्रार केली, की प्रमुखाने ती मिळाल्यापासून सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. सकृद्दर्शनी तथ्य आढळलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य आढळलं नाही तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. म्हणजे काहीही झालं तरी शाळेला कागदावर यावंच लागतं. प्रमुखाने यातलं काहीच केलं नाही तर कलम ७ म्हणतं, त्याने रॅगिंगला साहाय्य केलं असं मानलं जाईल. त्याला शिक्षा रॅगिंग करणाऱ्याइतकीच, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड.

हे सात दिवस ‘लेखी’ या शब्दापासून मोजायला सुरुवात होते. तुमच्या बाबतीत ती अजून झालेलीच नाही. कायद्याच्या नजरेत मुख्याध्यापकांकडे तुमची तक्रार आजवर आलेलीच नाही.

शाळेचे वकील ‘हा कायदा आमच्या वर्गातल्या भांडणाला लागू नाही’ असं म्हणतील. म्हणू देत. व्याख्या तुमच्या बाजूची आहे असं माझं मत आहे, पण प्रत्येक न्यायाधीश तेच म्हणेल अशी हमी मी देणार नाही. शिवाय समोरची मुलं अठराच्या आतली आहेत, त्यामुळे त्यांना कैद वगैरे विसरा. त्यांचं काय करायचं ते बाल न्याय कायद्याप्रमाणे ठरतं. मुख्याध्यापक मात्र प्रौढ आहेत आणि कलम ७ त्यांच्यासाठी आहे. म्हणून पत्रात कलम ६ आणि ७ यांचा उल्लेख स्पष्ट हवा. ‘आपण लक्ष घालावे ही नम्र विनंती’ असं लिहून पत्र संपवू नका.

पत्र एका पानाचं पुरे. तारखा, वार, जागा, मुलांची नावं, तुम्ही कोणाला कधी भेटलात. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात’ असं लिहा, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका. उलटतपासणीत एक चुकीची तारीख दहा खऱ्या तारखांना घेऊन बुडते. दोन प्रती न्या. एका प्रतीवर शाळेचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. क्लार्क ‘सर मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा’ म्हणाला तर ठेवून जाऊ नका. पोच देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि शाळेच्या अधिकृत ईमेलवरही टाका.

याच पत्रात दुसरा परिच्छेद फुटेजचा, आणि इथे तुम्ही मागणीच चुकीची केलीत. तुम्ही म्हणालात, ‘फुटेज द्या.’ त्यावर शाळेला गोपनीयतेचं कारण आयतं मिळालं, आणि ते अगदीच खोटंही नाही, कारण त्यात दुसऱ्यांची मुलं दिसतात. तुम्ही म्हणायला हवं होतं, ‘जतन करा.’ अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, जिन्यावरच्या आणि त्या मजल्याच्या कॅमेऱ्यांचं चित्रण पुसलं जाऊ देऊ नका, वेगळ्या ड्राइव्हवर काढून सीलबंद ठेवा. याला गोपनीयतेचं कारण देता येत नाही, कारण तुम्ही ते बघायलाही मागत नाही. बघायचं की नाही ते पुढे पोलीस किंवा बाल न्याय मंडळ, म्हणजे अल्पवयीन आरोपींची प्रकरणं चालवणारं मंडळ, ठरवेल.

घाई यासाठी की शाळेतलं रेकॉर्डिंग यंत्र भरलं की जुन्यावर नवं चढवतं. तुमची शाळा सीबीएसईची आहे असं लेटरहेडवरून दिसतं. सीबीएसईने जुलै २०२५ मध्ये संलग्नता नियमांत बदल करून चित्रण किमान १५ दिवस ठेवणं बंधनकारक केलं आहे. किमान १५. सोळाव्या दिवशी ते पुसलं गेलं तर शाळा म्हणेल, आम्ही नियम पाळला. तुमची मेल आली तो घटनेनंतरचा सहावा दिवस होता, हे लिहिते आहे तो नववा. म्हणून पत्राचा मसुदा तुम्हाला मेलवर आधीच पाठवला आहे. एकदा लेखी मागणी पोहोचली की मग चित्रण नाहीसं होणं ही साधी तांत्रिक गोष्ट राहत नाही; पुरावा म्हणून सादर करावा लागू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. पुढे चित्रण कोर्टात वापरायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे ते कुठल्या यंत्रातून आणि कसं काढलं हे सांगणारा कागद. ते घेण्याचं काम पोलिसांचं, पण तुम्हाला माहीत असू द्या.

‘आता काय उपयोग, चार महिने तर गेले’ असं वाटत असेल तर एक गोष्ट सांगते. माझ्याकडच्या एका प्रकरणात अशीच आई होती, कुठेही लेखी तक्रार नाही. शाळेच्या वकिलांनी तिला विचारलं, ‘शाळेला कळवल्याचा एक तरी कागद आहे?’ तिने पिशवीतून मुलाची शाळेची डायरी काढली. ऑगस्टच्या एका पानावर तिने निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘मॅडम, त्याच्या पाठीवर वळ आहेत, बाकावर मागे बसणारी मुलं मारतात, कृपया बघा.’ खाली लाल शाईत वर्गशिक्षिकेची सही, तारीख, आणि ‘पाहिले’. त्या एका शब्दानंतर ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ हे शाळेचं म्हणणं टिकलं नाही. तुमच्या मुलाची डायरी आज उघडा. वर्गशिक्षिकेला पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, फोनच्या नोंदी, सगळं काढून ठेवा. वर्गशिक्षिकेला पाठवलेल्या मेसेजमुळे कलम ६ चे सात दिवस सुरू होत नाहीत, तिथे प्रमुखच हवा. पण शाळेला माहिती होती हे त्यातून दिसतं. बाल न्याय कायद्याचं कलम ७५, म्हणजे ताब्यातल्या मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्याला त्रास होऊ देणं, लावायचं झालं तर त्याची सगळी भिस्त या ‘माहिती होती’वर राहील. ते लागेलच असं आज मी म्हणत नाही.

पोलिसांबद्दल. एफआयआर घेतला नाही म्हणून तुम्ही चिडला आहात, पण इथे ते नियमाला धरून वागले असण्याची शक्यता जास्त. आरोपी अल्पवयीन असेल आणि गुन्हा अतिगंभीर प्रकारातला नसेल, सोबत कोणी प्रौढही नसेल, तर एफआयआर होत नाही. माहिती स्टेशन डायरीत नोंदवून बाल न्याय मंडळाकडे पाठवायची असते. हाड मोडणं ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ आहे, पण अतिगंभीर गुन्ह्यांच्या यादीत ती बसत नाही. ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. त्याला भेटा, डायरी नोंदीचा क्रमांक मागा. तो मिळाला नाही तर मात्र चिडा, आणि वरिष्ठांना लिहा.

सोबत जोडलेला हॉस्पिटलचा केस पेपर पाहिला. त्यावर कारण लिहिलंय ‘शाळेत खेळताना पडला’. हे कोणी सांगितलं? घाबरलेल्या मुलाने सांगितलं असेल आणि तुम्ही गप्प राहिलात. आता त्यावर खाडाखोड करू नका, करायला सांगूही नका. पुढच्या तपासणीला मुलाला स्वतःच्या शब्दांत डॉक्टरांना सांगू द्या आणि त्यांनी ते त्या तारखेखाली लिहून घ्यावं. घाबरून आधी वेगळं सांगितलं होतं, हेही त्यात येऊ दे. मंडळासमोर मुलं घाबरतात हे समजून घेतलं जातं. बदललेला कागद कोणी समजून घेत नाही.

ग्रुपवरची पोस्ट आजच काढायला सांगा. प्रकरण चौकशीत असताना कोणत्याही मुलाची ओळख उघड करण्यावर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोस्ट टाकली तेव्हा चौकशी सुरू झाली होती की नाही यावर वाद घालता येईल, पण त्या वादात पडायची तुम्हाला गरज काय? नोटिशीचं उत्तर यजमानांनी स्वतः लिहू नये, वकिलामार्फत जाऊ दे. आणि ती तीन मुलंही तेरा-चौदा वर्षांचीच आहेत. त्यांनी तुमच्या मुलाला जे केलं ते भयंकर आहे, पण त्यांचे फोटो दोनशे फोनवर फिरवून त्याचा हात भरून येणार नाही. त्यांच्यासाठी मंडळ समुपदेशनाचा आदेश देऊ शकतं, आणि त्यांनाही त्याची गरज आहे असं मला मनापासून वाटतं.

दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. शाळा तुमच्या हातात छापील फॉर्म ठेवेल, कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहायला सांगेल. ते लिहिलंत की शाळेचा बचाव तुमच्याच अक्षरात तयार. शाळा बदलायचा निर्णय मुलाच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, घ्यायचाच झाला तर कारण खरं लिहा. तोवरच्या गैरहजेरीसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र शाळेला द्या.

पत्राचा शेवटचा परिच्छेद समुपदेशकाचा. सुकदेब साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. याबाबत योग्य कायदा किंवा नियमावली होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत. तुमच्या शाळेत तो कोण, आठवड्यातून किती दिवस येतो, आणि मुलगा परत येईल तेव्हा मधल्या सुट्टीत त्या जिन्यावर आणि बाथरूमपाशी कोण शिक्षक उभा असेल, हे नावासह लेखी मागा.

बाल हक्क आयोग आणि शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत जरूर पाठवा, पण त्यांच्यावर विसंबू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणालाच तक्रारीवर निर्णय द्यायला तीन महिने आहेत, आणि ते तीन महिने पाळले गेलेले मी क्वचितच पाहिले आहेत. माझ्या एका अशिलाच्या मुलाचं प्रकरण तो सातवीत असताना सुरू झालं. पहिला आदेश हातात आला तेव्हा तो दहावीचा फॉर्म भरत होता. तुमच्या मुलाकडे तेवढा वेळ नाही. सात दिवसांचं कलम हाताशी आहे, तेच वापरा.

उद्या सकाळी शाळा उघडताच पत्र द्या. पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा, म्हणजे आठव्या दिवशी कलम ७ ची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जायचं की नाही ते लगेच ठरवू.