राज्याची टक्केवारी लावून आपल्या तालुक्यातल्या हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांची संख्या काढता येते का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा वैवाहिक हिंसेचा आकडा साधारण 25 टक्के आहे. तालुक्यातल्या विवाहित स्त्रियांच्या संख्येला तो लावून समुपदेशन केंद्राच्या प्रस्तावात आकडा द्यावा का?

देऊ नका. सर्वेक्षणांच्या डेटावर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या गुणाकारातून तुमच्या तालुक्याबद्दल काहीच कळत नाही. राज्यातल्या सगळ्या तालुक्यांना तोच टक्का मिळतो आणि फरक पडतो तो फक्त लोकसंख्येचा. शिवाय तो टक्का 18 ते 49 वयाच्या, कधीतरी लग्न झालेल्या स्त्रियांचा आहे. पन्नाशीपुढच्या बायका त्यात नाहीत, सासू-सासऱ्यांनी किंवा भावाने केलेली मारहाणही नाही. आणि राज्यातलं हे काम 2019 मध्ये झालं, म्हणजे लॉकडाऊनच्या आधी.

मग जिल्ह्याचा आकडा थेट का काढत नाहीत? हे सर्वेक्षण लसीकरण, शाळा, शौचालय यांचे आकडे जिल्हावार देतं, पण हिंसेचे प्रश्न फक्त सुमारे 15 टक्के घरांत आणि घरटी एकाच स्त्रीला विचारले जातात. महाराष्ट्रात एकूण 31 हजारांवर घरं होती. जिल्हे 36. त्या वयाची विवाहित स्त्री नसलेली घरं वगळून हिशेब केला तर सरासरी जिल्ह्यामागे शंभराच्या आतच विवाहित स्त्रिया उरतात. समजा 80 आहेत आणि त्यांच्यात 25 टक्के आले. एकाच वस्तीतल्या स्त्रियांची परिस्थिती सारखी असते हे धरलं, तर खरा आकडा 13 ते 37 यांत कुठेही असू शकतो. अमेरिकेत 1972 पासून गुन्ह्यांच्या बळींचं स्वतंत्र सर्वेक्षण चालतं, वर्षाला दोनेक लाख माणसांशी बोलणं होतं, तरी राज्यांचे थेट आकडे काढण्यासाठी 2016 मध्ये नमुना वाढवावा लागला, आणि तेही सर्वांत मोठ्या 22 राज्यांपुरतंच जमलं.

इथे लघुक्षेत्र अनुमान, म्हणजे नमुना अपुरा असलेल्या छोट्या भागाचा अंदाज इतर माहितीची जोड देऊन काढणं, कामाला येतं. 1979 मध्ये फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांनी छोट्या गावांच्या उत्पन्नासाठी मांडलेली पद्धत आजही वापरतात. प्रत्येक जिल्ह्यासाठी दोन आकडे घ्यायचे. एक थेट सर्वेक्षणातून आलेला. दुसरा मॉडेलचा, म्हणजे अठराच्या आत लग्न झालेल्या मुली, दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया, दारू पिणारे पुरुष अशा जिल्हावार माहितीवरून अपेक्षित असलेला. दारूचं उदाहरण मुद्दाम देते: देशपातळीवर ज्यांचे नवरे वारंवार झिंगून येतात, त्यांच्यापैकी सुमारे 70 टक्के स्त्रियांनी हिंसा सोसली आहे. नवरा पीत नाही तिथे हे प्रमाण सुमारे 23 टक्के आहे. समजा थेट आकडा 20, त्याची प्रमाणत्रुटी, म्हणजे नमुना छोटा असल्याने त्यात होणारी साधारण चूक, 6; मॉडेलचा आकडा 31 आणि जिल्हे मॉडेलपासून साधारण 4 ने इकडेतिकडे असतात. मग थेट आकड्याचं वजन 16 (4 चा वर्ग) भागिले 52 (4 आणि 6 यांच्या वर्गांची बेरीज), म्हणजे 0.31, आणि उत्तर येतं 27.6. नमुना मोठा असता तर थेट आकड्याला जास्त मान मिळाला असता. त्रुटीही 6 वरून साडेतीनच्या आसपास उतरते. महाराष्ट्राच्या 36 जिल्ह्यांवर मॉडेल बसवू नका, देशातले सातशेच्या वर जिल्हे घ्या आणि शेवटी जिल्ह्यांची लोकसंख्येनुसार काढलेली सरासरी राज्याच्या आकड्याशी जुळवा. आर या मोफत संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधलं एसएई (sae) पॅकेज हे मॉडेल बसवतं. डेटा नोंदणी करून मोफत मिळतो. प्रत्येक उत्तर किती स्त्रियांच्या वतीने मोजायचं हे सांगणारं वजन हिंसेच्या विभागासाठी वेगळं असतं, डेटात त्या रकान्याचं नाव डी005 (D005), तेच लावा.

माझा खरा आग्रह पुढच्या गोष्टीचा आहे. पोलिसांकडचे 498अ चे, म्हणजे नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचे गुन्हे (जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85) या मॉडेलमध्ये डोळे मिटून घालू नका. वाहनचोरीत पोलिसांची नोंद बऱ्यापैकी भरवशाची असते, कारण विम्यासाठी एफआयआर लागतोच. घरातल्या मारहाणीचं तसं नाही. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली, आणि त्यातही बहुतेक जणी माहेरी गेल्या, पोलिसांकडे फार थोड्या. जिथे भरोसा सेल (पोलिसांचा महिला मदत कक्ष) नीट चालतो, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी भेटतात, तिथे तक्रारी वाढतात. अशा जिल्ह्याला जास्त हिंसक ठरवायचं आणि जिथे बाई चौकीची पायरीच चढत नाही त्याला सुरक्षित म्हणायचं, हा त्या बायकांवर अन्याय आहे. या आकड्यावर पैसे ठरतात, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

मुलाखतीतही गळती असते. एकांत मिळाला तरच हे प्रश्न विचारायचे असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण एका खोलीच्या घरात सासू समोरून हलत नसेल तर ती बाई मोजणीतून सुटते. म्हणून कुठलाही अंदाज किमान आकडा समजा.

तालुक्यापर्यंत मात्र हा डेटा खेचू नका. प्रस्तावात जिल्ह्याचा अंदाज द्या, तोही पट्ट्यासकट: ‘सर्वेक्षणाधारित अंदाजानुसार जिल्ह्यातील 18 ते 49 वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी अंदाजे 21 ते 34 टक्के’ अशा धर्तीवर, स्वतःच्या हिशेबातले आकडे घालून. त्याखाली तालुक्यातल्या समुपदेशन केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे गेल्या वर्षी किती स्त्रिया आल्या ते वेगळं लिहा. दोन्हींची बेरीज करू नका.