मॉरिशसमधले मराठी किती?

प्रश्न : मॉरिशसच्या जनगणनेत मराठी लोकांचा नेमका आकडा का मिळत नाही?

उत्तर : तिथल्या राज्यघटनेत हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सर्वसाधारण, असे चारच समाज आहेत. मराठी हिंदूंत मोजले जातात. त्यातही समाज विचारणारी शेवटची जनगणना १९७२ची. समाजांचा समतोल राखायला संसदेत आठ जादा जागा ठेवल्या आहेत, त्या वाटताना अजून तेच आकडे धरतात. आता धर्म आणि भाषेच्या उत्तरांवरून अंदाज बांधावा लागतो. इथेच चूक होते. घरात मराठी बोलणारे मोजाल तर संख्या फार कमी येईल, कारण बहुतेक घरांत क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली भाषा, बोलतात. पण भाषा मागे पडली म्हणून समाज संपला असं मुळीच नाही! गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांत मराठी शिकवतात.