पायांचे पेटके आणि मॅग्नेशिअमची गोळी

प्रश्न : माझे वय 58 असून मी अमळनेरला राहते. काही महिन्यांपासून रात्री पोटऱ्यांत पेटके येतात. शेजारच्या वहिनी मॅग्नेशिअमच्या गोळ्या घ्या म्हणतात. मी रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन आणि पित्तासाठी पॅन्टोप्राझोल बरीच वर्षे घेत आहे. या गोळ्या सुरू कराव्यात का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. तुमच्या प्रश्नाचे मूळ बहुधा तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलेल्या दोन औषधांत आहे. क्लोरथॅलिडोनमुळे लघवीवाटे मॅग्नेशिअम आणि पोटॅशिअम अधिक जाते, तर पॅन्टोप्राझोल वर्षाहून जास्त काळ घेतल्यास काही जणांच्या रक्तातील मॅग्नेशिअम घटते. अशा काही रुग्णांत नुसत्या पूरक गोळ्यांनी पातळी वर येत नाही, पित्ताचे औषधच बदलावे लागते. म्हणून आधी डॉक्टरांना भेटून मॅग्नेशिअम, पोटॅशिअम, सोडिअम, साखर आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. मात्र चालू औषधे स्वतःहून थांबवू नका. शरीरातील सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशिअमपैकी निम्म्याहून अधिक हाडांत असते आणि रक्तद्रवात एक टक्काही नसते, त्यामुळे अहवाल ठीक आला तरी कमतरता नाहीच असे म्हणता येत नाही. कमी आला, तर मात्र तो गांभीर्याने घ्यावा.

पेटक्यांविषयी स्पष्टच सांगते. कमतरता नसताना प्रौढ व वयस्क व्यक्तींना मॅग्नेशिअम देऊन केलेल्या चाचण्यांत पेटके लक्षणीय कमी झालेले आढळले नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. क्लोरथॅलिडोनसारखे लघवी वाढवणारे औषध चालू असताना घामावाटे पाणी आणि क्षार गेले, तर त्यानेही पोटऱ्या आखडू शकतात.

आहाराच्या बाबतीत खान्देशचे ताट मुळातच समृद्ध आहे. भारतीय स्त्रीची दैनंदिन गरज सुमारे 370 मिलिग्रॅम मानतात आणि 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 130 मिलिग्रॅम मॅग्नेशिअम असते. दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पिठात सालासकट उडीद दळलेली कळण्याची भाकरी तर त्याहून सरस. जोडीला शेंगदाण्यांची किंवा तिळाची चटणी आणि पालेभाजी असावी. पॉलिश केलेल्या तांदळात हे खनिज फारच थोडे उरते, हे भाकरी सोडून भातावर आलेल्या घरांनी अवश्य लक्षात घ्यावे.

डॉक्टरांनी गोळी दिलीच, तर वेष्टनावर प्रत्यक्ष मॅग्नेशिअम किती आहे ते वाचा. गोळ्यांच्या प्रकारांपैकी मॅग्नेशिअम ऑक्साइड स्वस्त असते, पण मॅग्नेशिअम सायट्रेटच्या तुलनेत कमी शोषले जाते. जास्त मात्रेने जुलाब होतात. मूत्रपिंड अशक्त असेल, तर मॅग्नेशिअम रक्तात साठून हृदयाची लय बिघडू शकते. क्रिएटिनिन तपासण्याचा आग्रह त्यासाठीच आहे. थायरॉइडची गोळी चालू असल्यास दोन्हींमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवा आणि एखादे प्रतिजैविक सुरू झाल्यास वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.