सी ड्राइव्हवर १८० जीबी मोकळी असूनही विंडोज ११ ला अपग्रेड करताना ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आले नाही’ अशी एरर का येते?

तुमचा सी ड्राइव्ह नाही, त्याच डिस्कवरचं बूटचं (म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइल्सचं) छोटं, लपलेलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, भरलंय. ते बहुधा जेमतेम १०० एमबीचं असतं आणि अपग्रेडला त्यात साधारण १५ एमबी जागा लागते, त्यामुळे सी वर कितीही साफसफाई केलीत तरी उपयोग शून्य.

मायक्रोसॉफ्टच्या सपोर्ट पानावरचाच उपाय असा: कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि ‘माउंटव्हॉल’ कमांडने (mountvol y: /s) त्या पार्टिशनला वाय हे अक्षर द्या. मग त्यात ईएफआय, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात बूट आणि त्यात फॉन्ट्स असे एकात एक फोल्डर आहेत; सगळ्यात आतल्या फॉन्ट्समधल्या फाइल्स उडवा. फक्त फॉन्ट्स! शेजारच्या बूट फाइल्सना हात लावलात तर मशीन चालूच होणार नाही. एवढ्यासाठी पार्टिशन मोठं करणारी सॉफ्टवेअर्स घेऊ नका, धोका विनाकारण वाढतो.

हे जीपीटी (डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) डिस्कसाठी आहे; डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमधल्या व्हॉल्यूम्स टॅबवर प्रकार दिसतो. एमबीआर (तीच नोंद ठेवायची जुनी पद्धत) असेल तर आधी मायक्रोसॉफ्टच्याच ‘एमबीआर टू जीपीटी’ टूलने डिस्क बदलून बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाची सेटिंग्ज) यूईएफआय, म्हणजे बूटची नवी पद्धत, लावावं लागेल, आणि त्याआधी बॅकअप हवाच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर ते उघडायची रिकव्हरी की लिहून ठेवा.