स्थलांतर बघायला कधी आणि कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलांच्या शाळेमुळे आम्हाला मे महिनाच सोयीचा. मसाई मारामध्ये तेव्हा वाइल्डबीस्टचं स्थलांतर दिसेल का? (ठाणे)

केनियातल्या मारामध्ये नाही. मे महिन्यात कळप सीमेपलीकडे, टांझानियातल्या सेरेंगेटीत असतात. साधारण तेरा लाख वाइल्डबीस्ट (मोठ्या चणीची आफ्रिकी हरणं) आणि दोन लाखांच्या आसपास झेब्रे बाराही महिने पावसामागे, म्हणजे खरं तर कोवळ्या गवतामागे, गोल फिरत असतात. डिसेंबर ते मार्च ते दक्षिणेला न्डुटूच्या मैदानांवर चरतात. एप्रिल-मेमध्ये मध्य आणि पश्चिम भागाकडे सरकतात, जूनच्या सुमारास ग्रुमेटी नदीपाशी येतात आणि जुलैअखेर ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदीच्या दोन्ही बाजूंना असतात. नोव्हेंबरचा पाऊस लागला की पुन्हा दक्षिणेची वाट. पाऊस पुढे-मागे झाला तर हे सगळंच दोन-तीन आठवडे हलतं.

तेव्हा मे महिनाच असेल तर सेरेंगेटी घ्या. तो मोठ्या पावसाचा शेवट असतो, रस्ते चिखलाचे असतात, काही कॅम्प बंदही असतात. पण जे चालू असतात त्यांचे दर उतरलेले असतात आणि गर्दी नसते. दिवाळीच्या सुट्टीचं म्हणाल तर ती ऑक्टोबरात आली की मारा जमू शकतं, नोव्हेंबरात आली की बहुतेक कळप निघून गेलेले असतात. ‘मे स्पेशल मायग्रेशन’ म्हणून कोणी मारा विकत असेल, तर त्या तारखांना कळप कुठे असतील एवढंच विचारा. उत्तरावरून माणूस कळेल.

प्रश्न : ऑगस्टमध्ये मारामध्ये तीन रात्री आहोत. टूरवाले म्हणतात, रिव्हर क्रॉसिंग (कळपांचं नदी ओलांडणं) शंभर टक्के दिसणार. खरं का? (पुणे)

शंभर टक्के म्हणणारा एक तर नवखा, नाही तर थापाड्या. कळपाला म्होरक्या नसतो. हजारो जनावरं धूळ उडवत काठावर जमतात, मागून रेटा वाढत जातो. पुढचं एखादं उतारावरून पाण्यापर्यंत येतं, वास घेतं, एक खूर भिजवतं आणि कशाला तरी बिचकून माघारी वळतं. की सगळा जमाव उधळून वर! असं तास-तास चालतं. कधी संध्याकाळी सगळे चरायला परत जातात, कधी नदीच्या पुढच्या वळणावर, तुमच्या नजरेआड, ओलांडून मोकळे होतात. आणि एकाने उडी घेतलीच, तर मग थांबणं नाही. मागचे पुढच्यांच्या पाठीवर पडत उतरतात.

लोक मगरींसाठी दुर्बिणी घेऊन बसतात, पण मगरींपेक्षा कितीतरी जास्त जनावरं चेंगरून आणि बुडून मरतात. मारा नदीत वर्षाला सरासरी सहा हजारांवर वाइल्डबीस्ट बुडतात, असा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांवर गिधाडं, मराबू करकोचे आणि मासे पोसले जातात. हाडांमधला फॉस्फरस तर पुढे कित्येक वर्षं नदीत झिरपत राहतो. त्या दिवसांत काठावर वास येतो, हे माहितीपत्रकात नसतं.

तुमच्या हातात एवढंच : जेवणाचे डबे घेऊन पूर्ण दिवस नदीवर द्या, आणि पहिली जनावरं पाण्यात पडेपर्यंत गाडी काठापासून लांब ठेवायला ड्रायव्हरला सांगा. गाड्या पुढे घुसल्या की कळप फिरतो. सगळ्यांना हे ठाऊक असतं, तरी सगळे घुसतात. तुमचा ड्रायव्हर थांबला तर त्याला टिप जास्त द्या.

प्रश्न : वडिलांना नदीतली झटापट बघवणार नाही. दुसरं काही? (नाशिक)

फेब्रुवारीत न्डुटू. माझं मत विचाराल तर नदीपेक्षा हेच सरस. ज्वालामुखीच्या राखेची ही जमीन. गवत आखूड, पण कॅल्शियम-फॉस्फरसने भरलेलं, म्हणून माद्या विण्यासाठी इथे येतात. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. ओलं पिल्लू पाय फाकवून उठतं, नाकावर आपटतं, पुन्हा उठतं आणि काही मिनिटांत आईमागे धावू लागतं. एकदम इतकी पिल्लं आली की शिकारी खाऊन खाऊन किती खाणार! पण तरस आणि चित्ते इथेही टपलेले असतात, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : हे सगळं लवकरच संपणार, असं वाचलं. घाई करावी का? (कोल्हापूर)

घाई नको. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला इथे जेमतेम अडीच लाख वाइल्डबीस्ट होते. गुरांतून पसरलेल्या बुळकांडीने त्यांचा संहार केला होता. गुरांना लस टोचल्यावर रोग हटला आणि 1970च्या दशकाअखेर आकडा तेरा लाखांवर गेला. धोका आहे तो कुंपणांचा : केनियातल्याच लोइटा मैदानांवरून मारामध्ये येणारं छोटं स्थलांतर शेती आणि कुंपणांनी जवळपास मोडीत काढलं आहे.

प्रश्न : केनियाला जाताना तयारी काय? (पणजी)

पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस, सरकारमान्य केंद्रातच घ्या. दाखला नसेल तर परतल्यावर भारतात विलगीकरणात बसवू शकतात. छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर सामान साधारण पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत. आणि चिवडा-लाडू खुशाल न्या, पण डब्यात. केनियात 2017पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे.