बाबांच्या फिजिओसाठी सुट्टी कशी मागू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी धरमपेठेत एका प्रायव्हेट ऑफिसात अकाउंट्स बघते, साठेक जण आहोत आम्ही. बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, आता मंगळवार-शुक्रवार धंतोलीला फिजिओला न्यावं लागते आणि आईला एकटीला ते जमत नाही. दर वेळी पोट दुखते म्हणून सांगून राहिली मी. परवा साहेब म्हणाले, लेकरू असतं तर समजलं असतं! दादा जबलपूरला केंद्र सरकारच्या ऑफिसात आहे, तो म्हणतो सुट्टीच मिळत नाही. आईवडिलांसाठी वेगळी सुट्टी असते का हो?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर: नाही गं. प्रायव्हेटमध्ये बाळंतपणाला 26 आठवडे कायद्यानं आहेत पण म्हाताऱ्या आईबापाच्या नावानं एक दिवस नाही. पण महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यात वर्षाला 8 पगारी सीएल, म्हणजे किरकोळ रजा, आहेत, शिवाय वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा, ती पुढच्या वर्षी मिळते. तुझे 280 भरले असतील तर झाल्या 14. त्याचे हाफ डे पाड, 28 होतात, आठवड्याला दोन धरले तर तीन महिन्यांची फिजिओ निघते आणि सीएलला हातही लागत नाही. आता हाफ डे द्यायचा की नाही ते कंपनीच्या पॉलिसीवर, म्हणून तोंडी नको, मेल कर, तारखा टाक, डॉक्टरची चिठ्ठी जोड आणि 11 न् 20 तारखेला जीएसटीच्या कामाला मी पूर्ण दिवस आहे हेही त्यातच लिही, साहेबाला तेवढंच पाहिजे असते. पोटदुखी मात्र बंद कर, पावसाळ्यात खरंच डेंग्यू झाला तर कोण मानेल?

आणि दादाचं. जुलै 2025 मध्ये राज्यसभेत मंत्री जितेंद्र सिंह यांनी सांगितलं की केंद्राच्या कर्मचाऱ्यांना वर्षाला 30 दिवस अर्जित, 20 दिवस अर्धपगारी, 8 किरकोळ आणि 2 ऐच्छिक सुट्ट्या असतात, त्या आईवडिलांच्या देखभालीसाठीही घेता येतात. तुझ्यापेक्षा त्याच्याच खात्यात जास्त पडून आहेत! मंजुरी वरिष्ठांच्या हातात असते हे खरं, पण अर्ज तरी टाकला का त्यानं? दिवाळीचे दिवस वेगळे, एक पंधरवडा फिजिओसाठी ये म्हणावं. आईला का जमत नाही ते तू लिहिलंच नाही, गुडघे असतील तर त्याच पंधरवड्यात तिलाही दाखवून आण.